‘अलर्ट’ आणि ‘वॉर्निंग’ एकच नव्हे

अरबी समुद्रात वादळाची चाहूल लागली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘सायक्लोन अलर्ट काय नि वॉर्निंग काय, एकच. शब्द सोडा, रंग बघा. लाल होईपर्यंत घाबरू नका. अलर्ट देऊन वादळ आलं नाही, तर वेधशाळा चुकली.’ बंदरात होडी नांगरून बसलेला माणूस यावर विसंबला तर त्याचं नुकसान ठरलेलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दोन्ही एकच? अजिबात नाही. किनाऱ्यावर हवा बिघडण्याच्या किमान ४८ तास आधी अलर्ट येतो, वॉर्निंग किमान २४ तास आधी. मधला दिवस लाखमोलाचा. भरती साधून होडी वर ओढायची, इंजिन उतरवायचं, जाळी घरात न्यायची, पत्रे बांधायचे, ही कामं अलर्टची. वॉर्निंग आली की माणसं आणि गुरं हलवायची. ‘निसर्ग’ चक्रीवादळाचं डिप्रेशन, म्हणजे वादळाआधीचं कमी दाबाचं क्षेत्र, १ जून २०२० ला तयार झालं आणि ३ जूनच्या दुपारी ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. एवढ्या घाईच्या वादळात वॉर्निंगची वाट बघत बसणाऱ्याचं काय होणार?

बंदरावर चढवतात तो धोक्याचा बावटाही हाच फरक करतो: ३ नंबर सावधगिरीचा, ४ नंबर त्याच्या पुढचा. आपल्या बातम्यांत मात्र दोन्हीला ‘इशारा’च म्हणतात, गोंधळ तिथूनच वाढतो.

‘रंग बघा’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. चक्रीवादळाच्या पत्रकात अलर्ट पिवळा आणि वॉर्निंग नारिंगी. जिल्ह्याच्या पावसाच्या इशाऱ्यात मात्र नारिंगी म्हणजे अलर्ट आणि लाल म्हणजे वॉर्निंग. एकच नारिंगी, अर्थ दोन! वादळाच्या पत्रकातला लाल तर वादळ जमिनीवर यायच्या किमान १२ तास आधीच्या टप्प्याचा असतो. तोवर वारा सुटलेला असू शकतो, मग होडी कोण ओढणार? शिवाय मच्छीमारांचा इशारा वेगळा निघतो, तो जिल्ह्याच्या रंगात शोधू नये.

राहिला ‘वेधशाळा चुकली’चा मुद्दा. अलर्ट बिघडणाऱ्या हवेचा असतो, वादळ तुमच्याच गावात जमिनीवर येईल असं तो सांगत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणात कुठेच जमिनीवर आलं नाही, १७ तारखेला ते थेट सौराष्ट्रात शिरलं. तरी जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरांची छपरं उडवून आणि आंब्याच्या बागा झोडपून गेलं.