तुतारी कुठे गेली?

गेल्या रविवारी आईला टीव्हीवर ‘संत तुकाराम’ लावून दिला. वय ७९, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हटलं आता नीट दिसेल. आधी काय आलं, तर निळ्या आभाळात गरगरणारी चकचकीत थ्रीडी अक्षरं, कुठल्याशा व्हिडिओ कंपनीचं नाव आणि ढॅणढॅण संगीत. त्यानंतर एकदम श्रेयनामावली. आई पदर सावरून बसली होती. म्हणाली, “अरे, तुतारी कुठे गेली?”

तुतारी म्हणजे ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीचं सिनेमाआधी येणारं चिन्ह. बाई उभी राहून तुतारी फुंकतेय, ते. कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात गेली आणि १९५३ ला बंद पडली. आईने हे सिनेमे पाहिले ते पुढे कधीतरी, मॅटिनीला, आजोबांचं बोट धरून. आजोबांचा एकच नियम होता, तुतारीच्या आधी खुर्चीत बसायचं. उशीर झाला तर वाटेत कोणाशी बोलायचं नाही.

ती तुतारी कोणीतरी कापली. कात्री लावणाऱ्याला वाटलं असणार, हा काही सिनेमाचा भाग नाही, जुन्या मालकाची पाटी आहे, आता हक्क आपल्याकडे आहेत तर आपली पाटी लावू. दुकान घेतल्यावर करतात तसं. माझं भांडण इथेच आहे. जुना सिनेमा ‘जपला’ म्हणून मिरवणारे त्याची पहिली पंधरा सेकंदं खुशाल केरात टाकतात आणि कोणाला काही वाटत नाही.

आता कबुली देतो. गेली पंधरा वर्षं मी या सेकंदांची वही ठेवतोय. लाँगबुक आहे, हिशेबाचं असतं तसं. बॅनर कोणाचा, सिनेमा किंवा मालिका कुठली, साल काय, काय दिसतं, काय ऐकू येतं, किती सेकंद, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे कुठल्या प्रतीवरून पाहिलं. बायको तिला ‘कुंडल्यांची वही’ म्हणते. म्हणू दे.

सुरुवात परळला झाली. काकाची भोईवाड्यात व्हिडिओ लायब्ररी होती. शाळा सुटली की मी तिथे कॅसेट रिवाइंड करून ठेवायचो, त्यामुळे प्रत्येक सिनेमाचं तोंड मला पाठ. दिग्दर्शक मेहबूब खानच्या कंपनीचा हातोडा-विळा आणि त्यावर तो भारदस्त आवाजातला शेर, ‘वही होता है जो मंज़ूर-ए-खुदा होता है’. खूण कम्युनिस्टांची आणि भरवसा खुदावर! असली गंमत पुढच्या तीन तासांतही मिळायची नाही. व्ही. शांतारामांच्या राजकमलची कमळातून फुलं उधळणारी बाई तर आम्हाला घरचीच वाटायची, कारण स्टुडिओ परळलाच. शांतारामबापूंनी वडील राजाराम आणि आई कमल यांची नावं जोडून कंपनीचं नाव ठेवलं हे काकाने सांगितलं होतं, आणि मी ते वर्गात शिक्षकांनाच ऐकवून कान पिळून घेतला होता.

आता म्हणाल, हे सगळं आठवणींपुरतं ठीक, पण लिहून काय ठेवायचंय? लिहायचं अशासाठी की ही चिन्हं पुरावा असतात. राज कपूरच्या आरके फिल्म्सचं उदाहरण घ्या. आधी पृथ्वीराज कपूर शिवपूजा करताना आणि मग ते चिन्ह, एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. हे चित्र आलं ‘बरसात’मधून, १९४९ साली. पण आरकेचा पहिला सिनेमा ‘आग’ १९४८ चा. म्हणजे ‘आग’च्या एखाद्या प्रतीवर व्हायोलिन दिसलं, तर ते मागाहून चिकटवलेलं. प्रत कधीची, कोणाच्या हातून गेली, याचा धागा त्या दहा सेकंदांत सापडतो.

टीव्हीचंही तसंच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. दोन वक्र रेषा फिरत फिरत येतात आणि त्यांचा डोळा होतो, पंडित रविशंकरांची धून वाजते, ते सगळं तेव्हापासूनचं. देबाशीष भट्टाचार्य यांनी तो डोळा अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकत असताना काढला होता. (माझी धाकटी बहीण तो फिरायला लागला की पलंगाखाली जायची. डोळा आपल्याकडेच बघतोय म्हणायची. आज ती बँकेत मॅनेजर आहे आणि हे इथे लिहिलं म्हणून मला फोन करणार आहे.) तर मुंबई केंद्राच्या पहिल्या साडेतीन वर्षांतला म्हणून कोणी कार्यक्रम दाखवला आणि पुढे डोळा फिरला, तर विचारायचं, हा जोड कुठला? अलीकडचं बघायचं तर अल्फा मराठी १९९९ ला आलं आणि २००५ ला झी मराठी झालं. जुन्या मालिकेवर नवं चिन्ह डकवून पुन्हा दाखवतात तेव्हा ती सहा वर्षं पुसली जातात.

बरं, नुसती कात्रीच वैरी नाही. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे पंधरा सेकंदांचं चिन्ह जेमतेम साडेबावीस फूट. आणि ते असतं कुठे? पहिल्या रिळाच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक खेळाला ऑपरेटरची बोटं लागतात, ओरखडे पडतात, तुकडे पडतात आणि पुन्हा सांधले जातात. झिजायला सर्वांत आधी तेच. त्यात जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात २००३ च्या जानेवारीत आग लागली, तिच्यात केवढा साठा गेला. आणि कॅसेटींचं म्हणाल तर मुंबईचा पाऊस पुरेसा आहे. काकाच्या माळ्यावरच्या खोक्यात टेपवर पांढरी बुरशी धरली होती. लॅमिंग्टन रोडच्या एका मेकॅनिकने हात जोडले, “साहेब, ही लावली तर माझा हेड जाईल.” कापसाने पुसत पुसत चाळीसातल्या अकरा वाचवल्या. त्यातल्या तिनांवर सिनेमापेक्षा मला आधीचीच तीस सेकंदं हवी होती.

भाचा म्हणतो, “मामा, एवढा त्रास कशाला? कम्प्युटरवर नवीन बनवून देतो, फोर-के मध्ये, रंगीत.” मनाचा चांगला आहे पोरगा. पण अशी हौसेने बनवलेली चिन्हं इंटरनेटवर ढिगाने पडलीत आणि चार वर्षांनी तीच ‘मूळ’ म्हणून फिरतात. बनवायचंय तर बनव, वर तुझं नाव आणि आजची तारीख टाक. माझ्या वहीत त्याला वेगळं पान आहे, लाल शाईचं. आणि स्वच्छ केलेल्या प्रतीची नोंदही वेगळी, कारण खरखर काढताना तुतारीच्या आवाजातलंही काहीतरी जातंच.

मला तर वाटतं, जुना सिनेमा पडद्यावर आणणाऱ्याने मूळ चिन्ह जागेवर ठेवावं आणि स्वतःचं त्याच्या आधी लावावं. लावा ना, हक्क आहेत तुमचे. सापडलंच नसेल तर एक ओळ लिहा, ‘मूळ चिन्ह उपलब्ध नाही’. एवढ्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

तर आई. त्या रात्री जेवणं झाल्यावर खोकं काढलं. अकरातली एक कॅसेट प्रभातची निघाली. चित्र थरथरतंय, खाली ट्रॅकिंगच्या रेघा, पण बाई आली आणि तुतारी वाजली. आई पुढे सरकून बघत होती. संपल्यावर म्हणाली, “हीच. पण ही लवकर संपली रे. तेव्हा बराच वेळ वाजायची.”

स्टॉपवॉच लावून दोनदा मोजलं. आकडा सेकंदांच्या रकान्यात लिहिला. त्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘आईच्या मते जास्त’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.