ग्रॅब हा शब्द ‘ग्रभ’पासून निघालेला नाही

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय, की इंग्रजीतला ग्रॅब म्हणजे आपला संस्कृत ‘ग्रभ’ (पकडणे), ग्रिपसुद्धा त्यातूनच निघाला, म्हणून इंग्रजी ही संस्कृतची मुलगी. मला शब्दांचं वेड आहे त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी बरोबर काय ते सांगते. ‘ग्रभ’ कोणी मनाने रचलेला नाहीये, ग्रह धातूचं वेदातलं जुनं रूप तेच. बहिणीच्या लग्नात पाणिग्रहणाच्या वेळी मी मुद्दाम पुढे जाऊन ऐकलं, भटजी नवऱ्याकडून ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ म्हणवून घेत होते, ऋग्वेदातला मंत्र आहे हा, आणि त्यात स्पष्ट भ आहे, ह नाही.

पण मुलगी कुठून आली? ग्रॅब इंग्रजीत दिसायला लागतो 16व्या शतकाच्या शेवटी आणि तो डच, उत्तर जर्मन बोलींतल्या ग्राब्बेनवरून आला असं मानतात. संस्कृतशी त्याचं नातं आहे, पण चुलत बहिणींचं, दोघींची आजी एक आणि ती आजी आता कुठेच बोलली जात नाही. विल्यम जोन्स ह्या इंग्रज भाषापंडिताने 1786 मध्ये कलकत्त्यात हेच मांडलं होतं.

आता ग्रिप. संस्कृतात भ असेल तिथे इंग्रजीत ब येतो, भ्राता-ब्रदर, भ्रू-ब्राउ, ग्रभ-ग्रॅब. ग्रिपमध्ये प आहे, भचा प ह्या नियमात होतच नाही, म्हणून त्याचा धातू वेगळा धरतात.

खाली कोणीतरी जोडलंय की कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, इंग्रजांची जहाजं पकडायच्या त्यावरून ग्रॅब! इंग्रज त्या गुराबांना ग्रॅब म्हणायचे हे खरंय, पण ते गुराबवरून, आणि गुराब मूळचा अरबी, अर्थ कावळा. पकडणे ह्या अर्थाचा ग्रॅब कान्होजींच्या जन्माआधीच, म्हणजे 1669 च्या बराच आधी, इंग्रजीत रुळलेला होता.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ह्या धातूची खरी लेक आपल्याच तोंडात आहे आणि फॉरवर्डमध्ये तिचं नावसुद्धा नाही. संस्कृत गृह्णाति, प्राकृत गेण्हइ, मराठी घेणे. ‘चहा घे गं’ म्हणतो ना, तोच घे.