चाळीस टक्के सवलत आपोआप लागत नाही

‘पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळतेच,’ असं एका लेखात म्हटलंय, पण ते अर्धवट आहे. ज्यांची जुनी सवलत कधी निघालीच नाही, त्यांना काही करावं लागत नाही. पण १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेली घरं आणि महापालिकेच्या तपासणीत ज्यांची सवलत काढली गेली ती घरं, यांना पीटी-३ अर्ज (या सवलतीसाठीचा महापालिकेचा अर्ज) भरावाच लागतो. सोबत सोसायटीचं ‘मालक स्वतः राहतात’ असं पत्र आणि रहिवासाचा एखादा पुरावा (मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड वगैरे). शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचं बिलही जोडायचं. हाच कागद हमखास राहून जातो. पोच घ्याच, पुढच्या बिलात सवलत दिसली नाही तर तीच कामी येते.

वेळेत भरल्यावरच्या ५ किंवा १० टक्के सुटीचाही तोच घोळ. ती फक्त सामान्य करावर, म्हणजे बिलातल्या एका भागावर असते, पूर्ण बिलावर नाही. उलट मुदत टळली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. अर्ज अडकलाय म्हणून बिल थांबवून ठेवणं त्यामुळे महागात पडतं. आधी भरा, जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते करून मागा.