बॅटरी मेली नव्हती, चार्जरने मारली

कॉर्डलेस ड्रिलची "बॅटरी गेली" म्हणून अख्खं मशीन भंगारात देणाऱ्यांनो, आधी चार्जर उघडून बघा. माझं ड्रिल जुनं, १२ व्होल्टचं, निकेल कॅडमियम बॅटरी पॅक, १० सेल, क्षमता १३०० एमएएच. पहिला पॅक गेला म्हणून दुसरा घेतला, जवळपास ड्रिलच्याच किमतीत, तोही दमायला लागला तेव्हा डोकं फिरलं आणि चार्जिंग स्टँडचे स्क्रू काढले. आत एक डायोड, एक रेझिस्टर आणि लाल दिवा, बस्स. बॅटरी भरली की बंद करणारं काहीच नाही! खाली बारीक अक्षरात लिहिलंय ३ ते ५ तासांनी काढा, म्हणजे टायमर कोण तर आपण. आणि आपण रात्री लावून झोपतो, सकाळी पॅक इस्त्रीसारखा गरम. भरलेल्या सेलमध्ये करंट ढकलत राहिलं तर त्याची उष्णताच होणार ना.

पण स्टँड फेकला नाही, कारण पॅक नेमका बसेल अशी खाच आणि त्या पितळी पट्ट्या सुट्या कुठे मिळणार. आतलं सर्किट काढलं, पट्ट्यांना जाड वायरी सोल्डर केल्या, मल्टीमीटरने प्लस-मायनस दोनदा तपासलं (दोनदा म्हणजे दोनदाच), आणि वायरी बाहेर काढून आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानवाले वापरतात तो चार्जर जोडला. त्याला निकेल कॅडमियम, १० सेल, ०.६ अँपिअर असं सांगायचं. सेल भरले की व्होल्टेज अगदी किंचित खाली येतं, ते ओळखून तो स्वतः थांबतो. अडीच-तीन तास, पॅक फक्त कोमट.

स्टँडवरचं जुन्या अडॅप्टरचं सॉकेट मात्र काढूनच टाका, नाहीतर घरातलं कुणीतरी दोन्ही चार्जर एकदम लावेल. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मीच असतो.

आणि पॅक लिथियमचा असेल तर प्लीज ही सेटिंग वापरू नका. तिथे सेलमागे ४.२ व्होल्टला थांबावंच लागतं, ३ सेलला १२.६, वर गेलात तर आगीशी खेळ. पार मेलेले सेल यानं जिवंत होत नाहीत हेही सांगतो, माझा पहिला पॅक गेला तो गेलाच.

कंपनीला हा कटऑफ आतच बसवायला कितीसा खर्च आला असता? पण मग दुसरा पॅक कोण घेणार.

परवा पडद्यांचे ब्रॅकेट बसवले, दुसरा पॅक शेवटपर्यंत पुरला. बिट तुटलं, ती चूक माझी.