१०८ चे कर्मचारी ‘कंत्राटी’ म्हणून त्यांना अडवता येते का?

‘१०८ ची रुग्णवाहिका ठेकेदाराची असते, तिच्यावरचे लोक सरकारी नोकर नाहीत, त्यामुळे त्यांना अडवले तरी गुन्हा होत नाही, अंगाला हात लावला नाही तर मुळीच नाही, आणि वाट न दिल्यास फार तर किरकोळ पावती फाटते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे.

त्यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. २०१४ पासून महाराष्ट्रात चालणारी ही सेवा शासनाची असली तरी ती कंत्राटावर चालवली जाते, आणि अशा कर्मचाऱ्याला लोकसेवक मानायचे का, यावर न्यायालयात वाद होऊ शकतो. पण गुन्हा त्या एकाच प्रश्नावर अवलंबून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ नुसार, ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने कोणाही व्यक्तीला जाऊ न देणे हा गैरनिरोध ठरतो आणि त्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिथे अडवलेल्या माणसाचा पगार कोण देतो, हे पाहिले जात नाही. रुग्णालयाच्या दारात हाणामारी झाली, तर वैद्यकीय सेवेतील लोकांवरचा हिंसाचार रोखण्यासाठी केलेला राज्याचा २०१० चा कायदा खासगी रुग्णालयांतील डॉक्टर-परिचारिकांनाही संरक्षण देतो: तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई.

‘हात लावला नाही’ हा बचावही टिकत नाही. गैरनिरोधाला बळजबरी लागत नाही, नुसते आडवे उभे राहणे पुरते. महापालिकेच्या पगारावरील अग्निशमन जवान तर निर्विवाद लोकसेवक आहेत. त्यांच्या कामात जाणूनबुजून आणलेल्या अडथळ्याला न्याय संहितेचे कलम २२१ लागते, आणि हल्ला किंवा बळाचा वापर झाला तर त्याहून कडक असलेले कलम १३२.

‘किरकोळ पावती’बद्दल एवढेच सांगतो, की मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिका किंवा अग्निशमन वाहन येताना गाडी बाजूला न घेणाऱ्या चालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि रुग्णवाहिका सरकारी की खासगी, असा भेद त्या कलमात नाही.

उरला ‘रिकामी गाडीही सायरन वाजवते’ हा तक्रारीचा सूर. रुग्णाला आणायला निघालेली गाडी रिकामीच असणार. सायरनचा गैरवापर होतच नाही असे नाही. तसा संशय आल्यास वाहन क्रमांक टिपून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते.