कुईं की घुंई

जीपच्या मागून आवाज येतो, एवढंच मी सांगितलं होतं. मिस्त्री खाली वाकलासुद्धा नाही. खर्रा चघळत म्हणाला, "काढून दाखवा बरं, कसा येते."

बाजाराचा दिवस. फाट्यावरचं गॅरेज, शेजारी पानठेला, बाकावर सहा-सात जण. मी आवाज खाली आणून म्हटलं, "कुईं, कुईं, कुईं."

"आयकू नाही आलं जी."

मग मोठ्यानं काढला. एका पोराला हसून ठसका लागला. पंक्चर काढायला सायकल घेऊन आलेले एक काका मात्र गंभीर झाले. मान हलवत उठले.

"चुकून राहिले तुमी. कुईं नाही तो. घुंई असन. घुंऽऽई."

"काका, जीप माझी आहे. कुईंच येतो."

"तुमी आत बसता ना? आतून कुईं आयकू येते. भायेरून घुंईच असते."

"तुम्ही ऐकलाय का पण?"

"आयकाचं काय काम? माया साडभावाच्या ट्रॅक्टरचं असंच झालं. तोबी कुईं-कुईं करत बसला. शेवटी बैलं जुपून आणा लागला. घुंई म्हणजे डिफ्रन. खोला बाप्पा डिफ्रन."

डिफ्रन म्हणजे डिफ्रेन्शियल, मागच्या एक्सलमधला चाकं फिरवणाऱ्या गिअरचा गोळा. मिस्त्रीनं आम्हा दोघांना आळीपाळीनं दोनदा आवाज काढायला लावले. बाकावरच्या मंडळींनी कौल दिला: घुंई. मत मागितलंच नव्हतं, तरी हरलो.

खरं तर आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो हे विचारायला हवं. घूं-घूं ॲक्सिलरेटरचं पेडल दाबल्यावर चढत असेल तर क्राऊन-पिनियनवर, म्हणजे डिफ्रेन्शियलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, संशय घ्यावा. पाय काढल्यावरच घुमत असेल तर पिनियनचं बेअरिंग ढिलं पडलेलं असतं. पेडलचं त्याला काही देणंघेणं नाही, नुसता वेगाबरोबर वाढतो? मग चाकाचं बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर गाडी जराशी डावीकडे घ्या. वजन उजव्या चाकावर जातं. आवाज वाढला तर बहुधा उजवंच गेलेलं. डांबरावर घुमणारा आवाज मुरमावर गेला की नाहीसा होत असेल, तर ते जाड नक्षीचे टायर आहेत, त्यांना शिव्या देऊन गप्प बसावं. खड्ड्यात किर्र झालं तर स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश नाहीतर पाटे धरणारे शॅकल बघावेत. पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकताना टण्ण झालं तर क्रॉस, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, किंवा पाट्याचे यू-बोल्ट.

आणि कुईं? हळू चालवताना येणारा, ठेका धरलेला कुईं. तो मोजायचा असतो. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साधारण चार-पाच वेळा फिरतो. कुईं चाकापेक्षा भरभर येत असेल तर आवाज शाफ्टचा, म्हणजे कोरडा पडलेला क्रॉस. चाकांना दगडाची ओट लावावी, गिअर न्यूट्रल करावा, खाली झोपून शाफ्ट दोन्ही हातांनी पिरगाळून पाहावा. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी भुकटी दिसली की निकाल लागला. पावसाळाभर पांदणीतल्या चिखलातून आणि नाल्यातून गाडी काढली आणि नंतर ग्रीस मारलं नाही, तर दुसरं काय होणार? (पांदण रस्त्यावर दर निवडणुकीला मुरूम पडतो. त्याच पावसाळ्यात तो काळ्या मातीच्या पोटात जातो.)

हे सगळं मी सांगतच होतो. तोवर मिस्त्रीनं डिफ्रेन्शियलचा खालचा नट उघडलासुद्धा.

आधी वरचा, ऑईल भरायचा नट उघडून पाहावा, मग खालचा. हे उलटं केलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, की डिफ्रेन्शियल रिकामं आणि गाडी जागच्या जागी. तसंच झालं. पान्ह्याला पाईप लावून दोन तास झटापट, नटाच्या कडा गोल. ऑईल मात्र स्वच्छ होतं. नाल्याचं पाणी शिरलं असतं तर चहासारखं दुधाळ दिसलं असतं: तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलच्या हवेच्या वाटेतून, आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी ब्रीदरची नळी उंच बांधलेली बरी. माझी बांधलेली आहे. पोलादाचे तुकडेही नव्हते, नुसता राखाडी लेप. तो चालतो.

शेवटी क्रॉस काढला. एक टोपी कोरडी, आतल्या बेअरिंगच्या सुया गंजून भुगा. शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर खडूची रेघ मीच मारली, कारण परत बसवताना जुळणी चुकली तर धडधड सुरू होते. काकांनी टोपी उन्हात धरली आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं का, क्रॉस असन म्हणून?"

बिलात क्रॉस होता, मजुरी होती आणि नव्वद नंबरचं ऑईलही होतं. जुनं कुठं गेलं विचारलं, तर मिस्त्रीनं सायकलकडे बोट दाखवलं. हँडलला पाच लिटरची कॅन लटकलेली.

"बंडीच्या चाकात घालाले होते जी," काका म्हणाले. "फेकाचंच होतं ना?"

काल त्यांची बंडी माझ्या दारावरून गेली. आवाज म्हणून नाही.