‘पौंडांसाठी पळालात’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. रात्रपाळी संपवून आल्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘आमच्या करांच्या पैशांवर सरकारी कॉलेजात नर्सिंग शिकायचं आणि पौंडांसाठी इंग्लंडला पळायचं. माझी आई वॉर्डात तासभर हाका मारत होती, एक सिस्टर फिरकली नाही. तुमच्यासारख्या निघून गेल्या म्हणूनच ना?’ असं तुम्ही विचारलंय.

कराचं म्हणणं मला मान्य आहे. अगदी थोड्या फीमध्ये मी शिकले, ते ऋण माझ्यावर आहेच.

पण त्या न फिरकलेल्या सिस्टरच्या जागी मी चार वर्षं काढलीत, सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक. रात्री माझ्याकडे २८ असायचे आणि सोबतीला एक मावशी. एकाचं सलाईन संपून नळीत रक्त चढलंय, ऑपरेशन होऊन आलेल्या दुसऱ्याचं बीपी उतरतंय आणि कोपऱ्यातल्या आजी बेडपॅनसाठी हाका मारताहेत. आजींकडे पोचायचे ती सर्वांत शेवटी. तोवर चादर ओली झालेली असायची आणि त्या बिचाऱ्या माझीच माफी मागायच्या. हे रोज सोबत घेऊन घरी जाणं मला झेपेना.

पगाराचंही लपवत नाही. २०१७ मध्ये हातात ११,००० पडायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही किमान २०,००० द्यावेत असं सुचवलं होतं. आमचं तर त्याहून मोठं होतं. मूळ सर्टिफिकेटं बाँड संपेपर्यंत ऑफिसच्या कपाटात. सरकारी कायम जागेची वाट पाहिली, माझ्या नशिबी कंत्राटीच आली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, त्या भरतीच्या आउटसोर्सिंगविरुद्धच.

इथं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. नर्सेस कमी पडत होत्या म्हणून तर आम्हाला बोलावलं. डिसेंबर २०२२ मध्ये इथल्याही नर्सेस संपावर होत्या. फरक एवढाच, की दिवसा एका नर्सकडे आठपेक्षा जास्त रुग्ण असले तर धोका वाढतो, हे इथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्येच लिहून ठेवलंय. आकडा वर गेला की मी त्याची नोंद करते, आणि ‘तुला जमत नसेल तर सोड’ असं मला कुणी सुनावत नाही. सांगलीत हेच वाक्य मी किती वेळा ऐकलं!

एक विनंती करते. आईंबाबत तक्रार जरूर करा, पण त्या सिस्टरचं नाव घालू नका. त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती आणि नर्सेस किती होत्या, हे हॉस्पिटलला लेखी विचारा. आमच्यापैकी कुणी विचारलं तर नोकरी जाते. तुम्ही मात्र विचारू शकता.

आणि आईंची तब्येत आता कशी आहे, तेही कळवा.